धूर गेला, हिशेब राहिला

चांगली भाजणी कशी करावी, असे घरातल्या जाणत्या बाईला विचारले तर ती धान्यांचे प्रमाण सांगेलच. पण शेवटी बजावेल ते एवढेच, की आच मंद ठेवा आणि हात थांबवू नका. धने-जिरे कढईत पडले की आधी वास सुटतो, धूर मागाहून येतो. वास सुटणे आणि धूर येणे यांच्यामध्ये जो थोडा अवधी असतो, तेवढ्यात कढई उतरवायची. तो अवधी हुकला की पदार्थ करपला. मग वरून कितीही तूप घाला, करपट चव जात नाही.

नेमक्या या अवधीवर आज पाश्चात्त्य देशांत एक मोठा धंदा उभा आहे. मुठीत मावेल असे एक यंत्र असते. त्यात सुक्या वनस्पतीचा चुरा घालायचा, तो पेटवायचा नाही. फक्त इतका तापवायचा, की त्यातली उडून जाणारी द्रव्ये हवेत मिसळावीत आणि ती हवा श्वासावाटे घ्यावी. या यंत्राला तिकडे ‘ड्राय हर्ब व्हेपोरायझर’ म्हणतात. कॅमोमाइल, लॅव्हेंडर, निलगिरी यांच्यासाठीही ते वापरता येते. परंतु आडपडदा न ठेवता सांगायचे तर त्याचा मुख्य वापर गांजासाठी होतो. जर्मनीत मार्च २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजाचे फूल औषध म्हणून मिळते. १ एप्रिल २०२४ पासून तेथे प्रौढांना तो मर्यादित प्रमाणात जवळ बाळगता येतो. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रौढांसाठी कायदेशीर केला. साहजिकच रुग्ण आणि शौकीन असे दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक या यंत्रांना लाभले आहे, आणि दोघांनाही ऐकवले जाणारे पालुपद एकच आहे : धूर नाही, मग चिंता कसली?

हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे हवा कशी वाहते आणि उष्णता कोणत्या वाटेने येते, यावर अवलंबून आहे; आणि ते गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही.

‘तळाला लागलं, वर कच्चंच!’

फ्रँकफुर्टजवळ राहणारे आमचे एक स्नेही साठी ओलांडलेले, मणक्याच्या जुन्या दुखण्याने बेजार. इतर औषधांनी हात टेकले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांना ही चिठ्ठी लिहून दिली आणि बजावले, की ओढू नका, वाफ घ्या. औषधांच्या दुकानातून तोलूनमापून फूल मिळाले. यंत्र मात्र स्नेह्यांनी आपल्या काटकसरी स्वभावाला जागून बाजारातले सर्वांत स्वस्त आणले. पहिल्या रात्री काहीच गुण येईना. दुसऱ्या रात्री तेवढ्याच मात्रेने डोके गरगरले, छाती धडधडू लागली. वहिनी घाबरून रात्रभर उशाशी बसून राहिल्या. यंत्राच्या पडद्यावर दोन्ही रात्री १८५ अंश हाच आकडा होता. सकाळी उघडून पाहिले तर कडेचा चुरा काळा पडलेला आणि मधला हिरवाच. वहिनी म्हणाल्या, “अहो, हे तर तळाला लागलं आणि वर कच्चंच राहिलं!”

वहिनींनी केलेले निदान अगदी बरोबर होते. ते बरोबर का, हे समजून घेण्यासाठी थोडे शाळेतल्या विज्ञानाकडे जावे लागेल.

सिगारेटचा झुरका घेताना तिच्या टोकाच्या निखाऱ्याचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. एवढ्या आचेत वनस्पतीतले रेणू नुसते उडत नाहीत. ते फुटतात आणि त्यांतून नवेच पदार्थ तयार होतात. कार्बन मोनॉक्साइड, डांबर, बेंझीन ही सारी त्या मोडतोडीची पैदास. गांजा पेटवला तरी हेच होते. व्हेपोरायझरचे काम साधारण १६० ते २२० अंशांच्या पट्ट्यात चालते. त्याखाली औषधी द्रव्ये पुरेशी उडत नाहीत, त्यावर गेले की करपणे वाढत जाते. देवघरातला कापूर आठवा. डबीचे झाकण सैल राहिले तर तो न पेटताच उडून जातो. आरतीत पेटवला तर काजळी धरतो. पदार्थ एकच, वाटा दोन.

हा पट्टा अरुंद आहे. म्हणून यंत्र किती तापते हा प्रश्न दुय्यम आहे. आतला सगळा चुरा सारखा तापतो का, हा खरा प्रश्न.

आच कोणत्या वाटेने येते?

वहन, अभिसरण आणि प्रारण अशा उष्णतेच्या तीन वाटा आपण शाळेत शिकलो. या यंत्रांत पहिल्या दोन महत्त्वाच्या. वहनावर चालणाऱ्या यंत्रात धातूची किंवा सिरॅमिकची एक चिमुकली वाटी असते. वाटीच्या भिंती तापतात आणि त्यांना टेकलेला चुरा तापतो. तव्यावरच्या पापडासारखाच हा प्रकार. रचना सोपी, खर्च कमी, लहानशी बॅटरी पुरते. पण सुका पाला उष्णतेचा फार वाईट वाहक आहे, कारण त्याच्या कणाकणांत हवा अडकलेली असते. भिंतीजवळ करपते, मध्ये कच्चे राहते. शिवाय तुम्ही श्वास घ्या वा न घ्या, वाटी तापलेलीच असते. दोन श्वासांच्या मधल्या वेळातही आतला पदार्थ भाजला जात राहतो. भडभुंजा फुटाणे कोरड्या कढईत न भाजता गरम वाळूत का भाजतो, याचे उत्तर इथे मिळते. वाळू दाण्याला चहूबाजूंनी भिडते, आणि त्याचा हात सतत फिरता असतो.

दुसरी वाट अभिसरणाची. इथे आधी हवा तापवायची आणि ती गरम हवा चुऱ्यातून जाऊ द्यायची. गरम हवेच्या झोतावर मक्याच्या लाह्या फुलवणारे यंत्र पुष्कळांनी पाहिले असेल, तत्त्व तेच. हवा चुऱ्याच्या अंगाअंगातून जाते, म्हणून भाजणे पुष्कळ सारखे होते. श्वास थांबला की झोत थांबतो, भाजणेही जवळजवळ थांबते. मग सगळेच कारखानदार अशी यंत्रे का काढत नाहीत? कारण हवा तापवणे वाटते तितके स्वस्त नाही. हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम. एक ग्रॅम हवा एका अंशाने तापवायला साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते. खोलीतली ३० अंशांची हवा २०० अंशांवर न्यायची तर लिटरभर हवेला सुमारे २०० ज्यूल हवेत. हा लिटरभराचा श्वास तुम्ही १० सेकंदांत सावकाश घेतलात तर यंत्राला २० वॅट शक्ती पुरवावी लागेल. पाच सेकंदांत घेतलात तर ४० वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते, हे ध्यानात घ्या. त्यातही वाटी तापवणे, चुरा तापवणे, बाहेर वाया जाणारी उष्णता यांचा खर्च आपण धरलेलाच नाही. ३.६ व्होल्टच्या एका लिथियम सेलमधून ४० वॅट काढायचे तर ११ अँपिअर प्रवाह ओढावा लागतो. खिशातल्या यंत्राच्या दृष्टीने हा भार मोठा आहे.

यातून रचनाकारांनी तीन मार्ग काढले. एक, बॅटरी मोठी करणे. दोन, आधीच तापवून ठेवलेल्या धातूच्या किंवा काचेच्या ठोकळ्यात उष्णतेचा साठा करणे आणि श्वासाच्या वेळी तो खर्चणे. तीन, हवेची वाट अरुंद करून माणसाला सावकाश श्वास घ्यायला भाग पाडणे. शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतील टुटलिंगेन गावच्या श्टोर्झ अँड बिकेल या कंपनीचे ‘व्होल्कॅनो’ हे टेबलावर ठेवायचे यंत्र २००० साली बाजारात आले. त्यात विजेवर तापणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि हवेचा पंप आहे. पंप ठरावीक वेगाने गरम हवा चुऱ्यातून सोडतो, वाफ एका पिशवीत भरते आणि माणूस पिशवीतून ती घेतो. म्हणजे तापवण्याचे काम आणि श्वासाचे काम यांची फारकतच करून टाकली. त्याच कंपनीच्या ‘मायटी’ या हातात धरायच्या यंत्राला ती सोय नाही; म्हणून त्यात दोन सेल आहेत, आणि वहन व अभिसरण या दोहोंची सांगड आहे.

माणसाचा श्वास हाही यंत्राचा भाग

इथवरचा हिशेब यंत्राचा झाला. पण खिशातल्या यंत्रात पंपाची जागा माणसाची छाती घेते, आणि प्रत्येकाची छाती वेगळी. वाट रुंद असेल तर श्वास सहज जातो, परंतु हवेला तापायला उसंत मिळत नाही. वाट अरुंद असेल तर हवा नीट तापते, पण दुबळ्या फुप्फुसाच्या रुग्णाला ओढताना धाप लागते. वाटेत पुन्हा चुरा असतोच. फिल्टर कॉफीच्या भांड्यात पूड फार दाबली तर पाणी उतरत नाही. सैल सोडली तर भसकन उतरते आणि कॉफी पाणचट होते. इथेही तसेच. चुरा भरड असला तर हवा फटींतून निसटते. बारीक करून दाबून भरला तर कोंडते.

दम्याच्या रुग्णांना हे नवीन नाही. कोरड्या पुडीचे रोटाहेलर जोराने ओढावे लागते आणि फवाऱ्याचा पंप सावकाश; उलट केले तर औषध घशातच राहते. चांगला डॉक्टर म्हणूनच चिठ्ठी देऊन थांबत नाही, समोर बसवून श्वास घ्यायला शिकवतो. गांजाची वाफ औषध म्हणून द्यायची तर हाच दंडक तिलाही लागू झाला पाहिजे.

आता त्या १८५ आकड्याकडे वळू. तापमान मोजणारा संवेदक बहुतेक यंत्रांत तापणाऱ्या भागाजवळ बसवलेला असतो. पडद्यावर दिसतो तो त्या भागाचा आकडा. चुऱ्याचा नव्हे, आणि तोंडात येणाऱ्या हवेचा तर नव्हेच. जोरात श्वास घेतला की आत गार हवा घुसते आणि चुरा थंड होतो. श्वास रेंगाळला की तोच चुरा भिंतीजवळ करपतो. स्नेह्यांचे यंत्र दोन्ही रात्री कदाचित खरेच बोलत होते. पण गावचे घड्याळ बरोबर चालते म्हणून आपली गाडी वेळेवर येते असे थोडेच आहे?

थंड केला म्हणजे स्वच्छ झाला?

नळीची लांबी आणि रचना यांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात औषधी धूमपानाच्या नळीचे माप दिले आहे. विरेचनासाठी २४ अंगुळे, स्नेहनासाठी ३२ आणि नित्याच्या प्रयोगासाठी ३६. आणि अंगुळे ज्याची त्याची स्वतःची. कारणही सांगितले आहे. लांबून आलेला, नळीच्या पेरांमध्ये अडून विरळ झालेला आणि मात्रा व काळ पाहून घेतलेला धूर इंद्रियांना बाधत नाही, असे ते म्हणणे. तो धूर होता, वाफ नव्हे. आणि आजच्या कसोट्या त्याला लावलेल्या नाहीत. पण वाटेची लांबी, अडथळे आणि मात्रा यांचा एकत्र विचार करणारी ती दृष्टी खास आहे. आजचे रचनाकारही २०० अंशांची हवा घशाला सोसावी म्हणून तिला नागमोडी वाटेने नेतात. ती वाट फार लांबली तर औषध भिंतींवरच चिकटते. फार आखूड राहिली तर घसा भाजतो.

उलट बाजूचा धडा हुक्क्याचा. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगने विजापूरहून तंबाखू अकबराच्या दरबारी नेली, तेव्हा ती घ्यावी की नाही यावरून हकिमांत वाद झाला. पुढे हुक्का सर्वत्र रुजला. हुक्क्यात निखारा तंबाखूच्या वर असतो. त्याची गरम हवा तंबाखूतून जाते आणि मग पाण्यातून गार होऊन येते. म्हणजे तत्त्व पुष्कळसे अभिसरणाचेच! म्हणूनच हुक्का निरुपद्रवी, असा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला. परंतु ओढणारा ज्या हवेचा श्वास घेतो ती कोळशावरून आलेली असते, आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात अडकत नाही. धूर गार लागतो म्हणून माणूस आणखी खोल ओढतो, एवढेच.

हीच कसोटी आजच्या यंत्रांना लावली पाहिजे. हवा कोठून येते? ती विजेच्या सर्किटावरून, डाग दिलेल्या जोडांवरून, गोंदावरून, तापलेल्या स्वस्त प्लॅस्टिकवरून येत असेल तर वनस्पती न करपूनही फुप्फुसात नको ते जाईल. काच, पोलाद, सिरॅमिक यांची स्वतंत्र, बंदिस्त वाट ठेवायला खर्च येतो. स्वस्त मालात पहिली काटछाट होते ती नेमकी इथे.

पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो

वाफेच्या बाजूचा पुरावा आहे, तो नाकारू नये. सॅन फ्रान्सिस्को येथे डोनाल्ड अब्राम्स यांच्या पथकाने १८ जणांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पेटवलेल्या गांजाच्या तुलनेत व्होल्कॅनोच्या वाफेतून रक्तात जवळजवळ तेवढेच औषध पोचले आणि उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र पुष्कळच कमी राहिला.

पण २०१८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी क्वचित गांजा घेणाऱ्या १७ प्रौढांवर केलेला अभ्यास वेगळीच गोष्ट सांगतो. मात्रा तीच असताना वाफेने रक्तात अधिक टीएचसी पोचले आणि भोवळ, गोंधळ, कामातल्या चुका वाढल्या. याचे नवल वाटायला नको. आगीत जे जळून वाया जात होते, ते वाफेत वाचते. यंत्र जितके चांगले, तितकी मात्रा जपून घ्यायला हवी. जाहिरातीत हे वाक्य सापडत नाही.

आणि २०१९ सालचे अमेरिकेतले फुप्फुसविकार विसरता येत नाहीत. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. त्यामागे मुख्यतः तेलाच्या कुप्यांमध्ये मिसळलेले ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ होते. सुक्या चुऱ्याची यंत्रे नव्हती. तरीही त्या मृत्यूंनी एक गोष्ट शिकवली. खाण्यात निर्धोक असलेला पदार्थ तापवून श्वासात घेतला की निर्धोक राहीलच असे नाही.

दार कोणते उघडायचे?

भारतात या यंत्रांचे काय? १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक सिगारेटबंदीचा कायदा झाला. त्याची व्याख्या व्यापक आहे. निकोटीन असो वा नसो, कोणताही पदार्थ तापवून श्वासात घेण्याजोगे बाष्पकण तयार करणारे विजेचे साधन तिच्यात येते. अशा साधनांचे उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात हे सारे गुन्हे ठरले. शाळकरी मुलांच्या दप्तरांत अशी साधने सापडू लागलेल्या काळात बाजार बंद ठेवण्याचा निर्णय आम्हांला चुकीचा वाटत नाही.

मात्र दोन दारे कायद्यानेच किलकिली ठेवली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना मिळालेली उत्पादने या बंदीतून वगळली आहेत. आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी अपवाद आहे. म्हणजे औषधाचे दार आहे. त्यातून कोणाला आणि कोणत्या अटींवर आत घ्यायचे, हे ठरवायचे आहे. कर्करोगाच्या वेदना, मज्जासंस्थेचे विकार यांनी तळमळणारे रुग्ण आपल्याकडेही आहेत. त्यांच्यासाठी तेल की गोळी की वाफ, हे वैद्यकाने ठरवावे. फुप्फुसाला सर्वांत मानवते ती स्वच्छ हवाच, हे विसरू नये. पण उद्या वाफेचा विचार करण्याची वेळ आली तर ‘धूर नाही’ या प्रमाणपत्रावर कोणालाही आत घेऊ नये.

मागण्या साध्या आहेत. यंत्राने आपल्या तापणाऱ्या भागाचा आकडा सांगू नये. सावकाश आणि जोराच्या अशा दोन्ही श्वासांना चुऱ्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान किती, ते मोजून जाहीर करावे. हवेच्या वाटेत कोणकोणते पदार्थ आहेत, ते छापावे. ठरावीक मात्रेतले किती औषध पहिल्या श्वासात मिळते आणि किती दहाव्या, हे एकाच यंत्रावर आणि यंत्रायंत्रांत पडताळावे. आणि रुग्णाला यंत्र देण्यापूर्वी श्वास कसा घ्यायचा, ते शिकवावे. दम्याच्या पंपाकडून आपण जे मागतो, त्याहून यात काही जास्त नाही.

आमच्या फ्रँकफुर्टच्या स्नेह्यांनी ते स्वस्त यंत्र कचऱ्यात टाकले. वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता असलेले दुसरे घेतले, आणि औषधविक्रेत्याने त्यांना समोर बसवून सावकाश श्वास घ्यायला शिकवले. मणका काही सरळ झाला नाही. पण रात्रीची मात्रा आता रोज तीच असते, आणि वहिनींना उशाशी जागत बसावे लागत नाही. फोनवर त्या म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं, आच मंद हवी.”